मराठवाड्याचे दुःख आणि धम्माचा कार्यकारणभाव





आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडेच त्रिसरण-पंचशील ग्रहण केले आहे. घरातील देव्हारा उतरला, भिंतीवर भगवंतांची आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांची प्रतिमा आली, बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत झाल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाव तेच असते. तीच वेस, तोच पाणवठा, तीच गायरानाची भांडणे, तोच मुकादम दारात उभा. अशा वेळी मनात एक जुना आवाज हळूच बोलू लागतो, "नाव बदलले, पण नशीब कोठे बदलले?"

आज मला या "नशीब" शब्दाविषयी बोलावयाचे आहे. हा शब्द आपण मागल्या घरी ठेवून आलो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो आपल्या गाठोड्यातून आपल्याबरोबर आला आहे. त्याला बाहेर काढल्याशिवाय दीक्षा पुरी होत नाही.

भगवंतांच्या शिकवणुकीचा गाभा कोणता? जे जे घडते त्याला कारण असते, कारण असेल तोवर कार्य राहते, कारण नाहीसे झाले म्हणजे कार्यही नाहीसे होते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. शब्द मोठा आहे म्हणून घाबरू नका. विहिरीला पाणी का नाही, पोराला शाळा का सुटली, आपल्या नावावर सातबारा का नाही, या प्रश्नांना "देवाची इच्छा" किंवा "मागल्या जन्मीचे पाप" हे उत्तर न देता खरे कारण शोधणे म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद जगणे होय. मागल्या जन्मीच्या कर्मामुळे माणूस या जन्मी दरिद्री होतो, हे मत बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात स्पष्टपणे नाकारले आहे. का नाकारले? कारण ते मत एकदा मान्य केले की अन्याय करणारा सुटतो आणि अन्याय सोसणारा गुन्हेगार ठरतो.

तेव्हा आज आपण आपल्या मराठवाड्याच्या दुःखाची कारणे पाहू. मागल्या जन्मात नव्हे, मागल्या इतिहासात.

गोदाकाठचा पहिला प्रश्न

काही लोक म्हणतात, बौद्ध धम्म हा तुमचा नवा धर्म. त्यांना गोदावरीकडे बोट दाखवा. सुत्तनिपातात बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. हा बावरी गोदावरीच्या तीरावर राहत होता. त्याने मोठा यज्ञ केला आणि जवळचे सर्व दान देऊन टाकले. एवढ्यात धुळीने माखलेला दुसरा एक ब्राह्मण आला आणि पाचशे नाणी मागू लागला. बावरीजवळ काही उरले नव्हते. तेव्हा त्याने शाप दिला, सात दिवसांत तुझ्या मस्तकाची सात शकले होतील. बावरी भयाने सुकून गेला. अन्न गोड लागेना, ध्यानात मन रमेना.

शेवटी त्याने आपले सोळा शिष्य भगवंतांकडे पाठविले. ते प्रतिष्ठानवरून, म्हणजे आपल्या पैठणवरून, माहिष्मती आणि उज्जयिनीच्या वाटेने उत्तरेस गेले. त्यांनी विचारले, हे मस्तक म्हणजे काय आणि ते फुटते कशाने? भगवंतांचे उत्तर असे होते की, अविद्या हेच ते मस्तक आहे आणि विद्या हीच ते फोडणारी आहे.

बंधूंनो, या उत्तराची थोरवी पाहा. शाप देणारा भीती घालीत होता. भगवंतांनी शापाला उलट शाप दिला नाही, मंत्र दिला नाही, दोरा दिला नाही. त्यांनी भीतीचे मूळ दाखविले. फुटावयाचे असेल तर अज्ञानाचे डोके फुटू द्या.

म्हणजे मराठवाड्याने भगवंतांना विचारलेला पहिला प्रश्न भीतीविषयी होता. आपल्या भूमीचे धम्माशी नाते एवढे जुने आहे. पुढे याच प्रतिष्ठानच्या एका सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या कुळाने पितळखोऱ्याच्या लेण्यात खांबाचे दान दिले, त्याचा लेख आजही त्या दगडावर आहे. अजिंठा, वेरूळ, औरंगाबादची लेणी ही केवळ राजांनी उभी केली नाहीत. व्यापारी, कारागीर, भिक्खू, भिक्खुणी आणि गृहस्थ यांच्या दानातून अशी लेणी उभी राहिली. ज्या मातीत धम्म एवढा रुजला, त्याच मातीत पुढे माणसाच्या सावलीचा विटाळ कसा मानला गेला? येथून आपल्या दुःखाचा इतिहास सुरू होतो.

राजा एक, पाटील दुसरा, विटाळ मात्र तोच

१७२४ पासून दक्षिणेत निजामाचा अंमल बसला आणि मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. म्हणजे मुंबई-पुण्याकडे इंग्रजांचे कायदे, शाळा, छापखाने, लष्करातील नोकऱ्या आल्या तेव्हा आपल्याकडे जहागिरी होत्या. संस्थानातील जमिनीचा मोठा भाग जहागीरदारांच्या आणि खुद्द निजामाच्या सर्फेखासच्या ताब्यात होता. वर हैदराबादचा हुकूम, खाली देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी यांचा अंमल. राजाचा धर्म वेगळा होता, पण गावाची उतरंड त्याने मोडली नाही. ती त्याला सारा वसूल करून देत होती. मग तो ती का मोडील?

या उतरंडीच्या तळाशी आपले पूर्वज होते. वेशीची राखण करणे, सारा कसब्याला पोचविणे, मेलेले गुरू ओढून नेणे, परगावी सांगावा नेणे, अंमलदार आला की त्याच्या घोड्याला चारा घालणे ही कामे त्यांच्याकडे होती. मोबदला काय? खळ्यावरचे बलुते, शिळी भाकरी आणि इनामाचा लहानसा तुकडा. हा तुकडा जमीन नव्हता, ती साखळी होती. इनाम होते म्हणून काम नाकारता येत नव्हते, आणि काम नाकारले तर इनामही जाई, गावही जाई. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले ते हीच साखळी तोडण्यासाठी. पुढे फेब्रुवारी १९४१ मध्ये निजामाच्या हद्दीत, कसबे तडवळे येथे, महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत भरली. महार आणि मांग हे दोन्ही शब्द त्या परिषदेच्या नावात एकत्र होते, हे विसरू नका. मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

१९३४ मधील प्रसंग आपल्या मुलांना अवश्य सांगा. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले होते. प्रवासाने अंग धुळीने भरले होते. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे तळे भरलेले होते, तेथे त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की, या लोकांनी तळे बाटविले. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवितो काय? आमच्यापैकी कोणी मुसलमान झाला तर त्यालाही पाणी घेऊ देणार नाही काय? कोणी उत्तर दिले नाही. शेवटी किल्ला पाहू दिला, पण पाण्याला हात लावता कामा नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

हा प्रसंग एका समाजाला दोष देण्यासाठी मी सांगत नाही. त्याचा बोध वेगळा आहे. जातीची रीत एकदा मातीत मुरली म्हणजे ती धर्माची कुंपणे ओलांडते. ज्यांचा धर्म जात मानीत नाही तेही ती पाळू लागतात. हे आपण बौद्धांनीही स्वतःला लावून पाहावे.

मुक्ती आली, पण कोणत्या वाटेने?

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात सामील होण्यास तयार नव्हता. रझाकारांचा जुलूम सुरू झाला. काही दलित पुढारी निजामाच्या बाजूने गेले होते. त्या वेळी, नोव्हेंबर १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी पत्रक काढून अस्पृश्यांना बजावले की, कोणत्याही परिस्थितीत निजामाची बाजू घेऊ नका, आणि जबरदस्तीच्या धर्मांतराला मान तुकवू नका. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि १७ सप्टेंबरला संस्थान शरण आले.

हा दिवस आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि पाळलाच पाहिजे. पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले हे क्वचितच सांगितले जाते. हजारो निरपराध मुसलमानांची कत्तल झाली, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल समितीने केली. आणि निजामाला साथ दिल्याच्या संशयावरून दलितांच्या वस्त्यांवरही कित्येक ठिकाणी हात टाकण्यात आला. जे निजामाच्या राज्यात सर्वांत खाली होते, त्यांनाच निजामाचे मानकरी ठरविण्यात आले! गावाच्या मनात तेव्हा पडलेली ही अढी पुढे तीस वर्षांनी पुन्हा वर आली.

शिक्षणाची कथाही अशीच. १९१८ मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलालाही ही वाट अवघड होती, मग वेशीबाहेरच्या मुलाची काय कथा? म्हणून मराठवाडा मागे राहिला, आणि मागे राहिलेल्या मराठवाड्यात आपण त्याहूनही मागे राहिलो.

हे जाणून बाबासाहेबांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय काढले. मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये निघाले होतेच. दुसरे ठिकाण म्हणून त्यांनी मागासलेला मराठवाडा निवडला, यात त्यांची दृष्टी दिसते. त्या परिसराला नागसेनवन आणि महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि नागसेनांनी न रागावता उत्तरे दिली. म्हणजे ज्या भूमीत प्रश्न विचारणाऱ्याची जीभ झडेल असे सांगितले जात होते, तेथे बाबासाहेबांनी प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाने विद्यालय उभे केले.

नावासाठी घरे का जळाली?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. आणि मराठवाडा पेटला. नांदेड, परभणी या जिल्ह्यांत बौद्ध वस्त्या जळाल्या, साठविलेले धान्य जळाले, बायामुले रानात लपली. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे हुतात्मे झाले. १९७९ मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. पुढे पंधरा वर्षे मोर्चे, तुरुंग आणि बलिदाने झाली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि "डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ" हे नाव लागले.

विचार करा, एका पाटीवरील नावासाठी खेड्यातील झोपडी का जळावी? ज्याने जाळली त्याने बहुधा विद्यापीठाचे दारही पाहिले नव्हते. याचे कारण विद्यापीठात नव्हते, गावात होते. त्या वेळच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे की, हल्ले सर्व दलित जातींवर सारखे झाले नाहीत. ते मुख्यतः बौद्धांवर झाले. का? कारण बौद्धांनी गावकीची कामे सोडली होती. ढोर ओढणे सोडले, जोहार सोडला, पोरे नागसेनवनात शिकायला घातली, गायरानावर नांगर धरला. विटाळाचा राग धर्माच्या नावाने निघत होता, आता तो मोडलेल्या सेवेचा राग होता. त्यात सवर्ण घरातील बेकार तरुणाला असे पटवून देण्यात आले की, तुझी नोकरी या वस्तीने पळविली. जुनी अढी, मोडलेली गावकी आणि नवी बेकारी अशी ही तीन कारणे एकत्र आली. आग नावाने लागली, पण जळण तीनशे वर्षांचे होते.

हे समजून घेतले म्हणजे दोन गोष्टी होतात. आपल्या मनातील भय कमी होते, कारण कारण कळलेले भय लहान होते. आणि द्वेषही कमी होतो. काडी लावणारा हातही त्याच अविद्येचा गुलाम आहे, हे दिसू लागते. त्याला शिक्षा कायद्याने झाली पाहिजे, त्यात कसूर नको. पण आपल्या मनात त्याचे विष आपण साठवू नये.

आजचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न जमिनीचा. जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या, १९५० चा कूळकायदा आला. पण कूळ म्हणून ज्याची नोंद होती त्याला जमीन मिळाली. आपले पूर्वज कूळ नव्हते, सालगडी होते. त्यांची नोंद कोठेच नव्हती. म्हणून १९५३ मध्ये मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह झाला. १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो लोक तुरुंगात गेले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याची वाट मोकळी झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा निकाल दिला. मात्र शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल तर तो अपवाद त्याच निकालात ठेवला आहे. आजही कित्येक कुटुंबे चाळीस-चाळीस वर्षे कसूनही सातबाऱ्यावर नाहीत. त्यांना माझे सांगणे आहे की, दंडाच्या जुन्या पावत्या, पंचनामे, गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, मोजणीचे कागद असे जे असेल ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा सुनेने त्याच्या नकला कराव्यात. आपल्या आजोबांना नोंद नसल्यामुळे जमीन मिळाली नाही. हाच इतिहास नातवाने पुन्हा घडू देऊ नये.

दुसरा प्रश्न ऊसतोडीचा. निजामाने मांजरा नदीवर निजामसागर बांधला, तो १९३१ मध्ये पुरा झाला. मांजरा उगम पावते आपल्या बीडच्या बालाघाटात, पण धरणाचे पाणी भिजवी तेलंगणाची शेते. गोदावरीवर जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झाले. पण धरण झाले तरी पाणी जमिनीला मिळते, माणसाला नाही. ज्याला जमीन नाही त्याच्या दारावरून कालवा गेला तरी त्याचे घर कोरडेच. म्हणून दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, धाराशिवकडच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता" मोजला जातो. दोन माणसांचे मिळून एक हत्यार होते, हा हिशेबच माणसाला काय समजतो ते सांगतो. उचल घेतलेली असते म्हणून काम सोडता येत नाही. पूर्वी इनामाच्या तुकड्याने बांधले होते, आता उचलीने बांधले आहे. साखळीचे नाव बदलले. या मजुरीत सर्व जातींचे गरीब आहेत, त्यांत आपलेही आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली, हे २०१९ मध्ये शासनाच्या समितीपुढे आले. पाळीमुळे खाडा होऊ नये, खाड्याचा दंड पडू नये म्हणून कित्येकींनी हे पत्करले. ज्या धम्माने स्त्रियांसाठी संघाचे दार उघडले त्या धम्माच्या उपासकांनी हे ऐकून स्वस्थ बसावे काय?

म्हणून प्रत्येक विहाराने दसऱ्यापूर्वी एक यादी करावी. कोणत्या घराची माणसे तोडीला जाणार आणि त्यांची मुले कोणाच्या घरी राहून शाळा करणार, हे त्या यादीत लिहावे. दान म्हणजे केवळ दीक्षाभूमीची दानपेटी नव्हे. शेजाऱ्याच्या एका मुलीला सहा महिने आपल्या चुलीवर जेवू घालणे, हेही दानच आहे, आणि माझ्या मते या भूमीत आज तेच पहिले दान आहे.

तिसरा प्रश्न आपल्याच घरातला आहे, म्हणून तो सर्वांत कठीण. कसबे तडवळ्याच्या परिषदेची आठवण मी मघाशी दिली. त्या मंडपात महार आणि मांग एकत्र बसले होते. आज मातंग समाजातून, भटक्या समाजातून, इतर मागासवर्गातून नवी कुटुंबे धम्मात येत आहेत. विहारात त्यांचे स्वागत होते, फुले दिली जातात. पण वंदना संपली की कोणी तरी हळूच विचारते, "तुम्ही पूर्वीचे कोण?" सोयरिकीची वेळ आली की पुन्हा तोच प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचे ठरविले. महारवाडा, मांगवाडा या पाट्या उतरल्या, समतानगर, भीमनगर अशा चढल्या. पाटी बदलली, पण समतानगरच्या दोन गल्ल्यांत एकमेकांच्या घरी लग्नाचे ताट जात नसेल तर ती समता कोणाची?

दौलताबादच्या तळ्याशी उभ्या असलेल्या त्या वृद्धाला बाबासाहेबांनी जे विचारले तेच आज आपल्याला कोणी विचारले, "हेच तुमचा धम्म शिकवितो काय?", तर आपण काय उत्तर देणार? जुन्या बौद्धांनो, हा प्रश्न तुम्हाला आहे. १९५६ मध्ये आपल्या वाडवडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली हा आपला अभिमान आहे, तो आपला मोठेपणा होऊ नये. धम्मात ज्येष्ठता शीलाने येते, तारखेने येत नाही. आणि आज नव्याने आलेल्या कुटुंबांनो, तुम्हीही मागली जात आणि तिचा मान-अपमान विहाराच्या पायरीवर ठेवून आत या.

भगवंतांनी संघाला सागराची उपमा दिली होती. नद्या सागराला मिळाल्या की आपले नाव टाकतात. आपल्याला सागर पाहायला दूर जावे लागेल, पण गोदावरी तर दारात आहे. सिंदफणा तिला मिळते, पूर्णा तिला मिळते, मांजरा तिला मिळते. नांदेडच्या खाली घागर भरणारी बाई हे पाणी पूर्वीचे कोणत्या नदीचे असे कधी विचारते काय?

कागद आणि मन

नव्या कुटुंबांना एक भीती सतावते, तिचाही उल्लेख करतो. "बौद्ध" लिहिले तर मुलांच्या सवलती जातील, असे त्यांना सांगितले जाते. या भीतीलाही इतिहास आहे. १९५६ नंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांच्या केंद्रातील सवलती खरोखरच गेल्या होत्या. महाराष्ट्राने १९६० पासून नवबौद्धांना राज्यात सवलती दिल्या, पण दिल्लीच्या दारात अडचण राहिली. त्यामुळे घरात बौद्ध आणि कागदावर हिंदू अशी दोन नावे लावण्याची सवय लागली. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही तो हक्क मिळाला. म्हणजे जे कारण होते ते संपले; तरी सवय मागे राहिली. कारण संपूनही कार्य आपणच जिवंत ठेवीत असू, तर दोष आता इतिहासाचा नाही, आपला आहे. दाखला काढताना अटी नीट वाचा, जाणत्यांना विचारा आणि जनगणनेत धर्माच्या रकान्यात निःशंकपणे "बौद्ध" लिहा.

गावात कोणी बहिष्कार घालीत असेल, किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद असे करीत असेल, तर मुकाट सोसू नका. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला, तो २०१७ पासून लागू आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि एकटे जाऊ नका. पाचजण मिळून जा.

विहारात करावयाचे काम

शेवटी एकच काम सुचवितो. येत्या वर्षावासात, दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास, आपल्या गावाचा इतिहास लिहावा. वस्तीत ऐंशीच्या पुढची आजी किंवा आजोबा असेल तर त्यांना मध्ये बसवावे आणि मुलामुलींनी वही घ्यावी. पाणी कोठून आणावे लागे? ढोर ओढणे कोणत्या वर्षी आणि कोणी प्रथम नाकारले? ७८ साली वस्ती कोठे लपली होती, आणि त्या रात्री भाकरी कोणी दिली? हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा, कारण बहुतेक गावांत असे एखादे सवर्ण किंवा मुसलमान घर निघते की ज्याने दार उघडले होते. त्याचीही नोंद झाली पाहिजे. अन्यायाची वही ठेवणाऱ्याने मैत्रीची पाने कोरी ठेवू नयेत.

हे लिहिताना वृद्धांच्या डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. पण लिहिणाऱ्या मुलाला एक गोष्ट कळेल की, आपण गरीब जन्मलो ते कोणत्या शापामुळे नव्हे. जहागिरीमुळे, गावकीमुळे, नोंद नसल्यामुळे, शाळा नसल्यामुळे आपण गरीब जन्मलो. आणि ज्या गोष्टी माणसांनी केल्या त्या माणसांना बदलता येतात. वेठ गेली, जोहार गेला, विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव आले. हे सर्व कोणाच्या कृपेने झाले नाही. कारणे ओळखून, ती एकेक करून दूर करणाऱ्या माणसांनी ते केले.

बावरीचे शिष्य गोदाकाठाहून निघाले तेव्हा त्यांच्या गुरूच्या मनात शापाचे भय होते. पिंगिय नावाचा त्यांच्यातील सर्वांत वृद्ध शिष्य परत आला तेव्हा त्याच्याजवळ धम्म होता. शरीराने तो थकला होता, डोळे अधू झाले होते, पण मनात भय उरले नव्हते. आपणही त्याच काठाची माणसे आहोत. भय घेऊन आपण निघालो. निर्भय होऊन आपल्या गावी परत जाऊ या, आणि ज्याला अजून भय वाटते त्या शेजाऱ्याचा हात धरू या.

सर्वांचे मंगल होवो.

जय भीम!